मास्टरमशाय : बजबज ते रांगाबेलिया

बजबजला लोहमार्ग संपतो. सियालदाहहून सुटलेली लोकल बालिगंजला मुख्य मार्ग सोडते, टालीगंज, माझेरहाट, संतोषपूर, आक्रा, नुंगी अशी स्थानकं घेत नैर्ऋत्येला जाते आणि हुगळीच्या काठाशी थांबते. पुढे नदीच आहे. काठावर तेलाच्या टाक्या, ज्यूट गिरण्यांच्या जुन्या भिंती आणि पलीकडे हावडा जिल्ह्यातल्या बाउडियाला जाणाऱ्या बोटींचा घाट. लगतच्या पुजालीत ७५० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. कोलकात्याला वीज, इंधन आणि कामाला माणसं पुरवणारं हे गाव आहे. पर्यटक इथे क्वचितच येतात.

मी आलो होतो तो इथून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी. बजबज दक्षिण चोवीस परगण्यात येतं आणि सुंदरबनातलं गोसाबाही त्याच जिल्ह्यात येतं. एका टोकाला हुगळीकाठचे कारखाने, दुसऱ्या टोकाला वाघाचं जंगल. सुंदरबनला लोक वाघासाठी जातात. मला तिथल्या एका हेडमास्तरांचं गाव पाहायचं होतं. त्यांचं नाव तुषार कांजिलाल, गाव गोसाबाजवळचं रांगाबेलिया.

तरी बजबजला आधी थांबायला हवं, कारण या काठावर इतिहासाची दोन पावलं उमटली आहेत. स्थानकाच्या नावातच एक जहाज आहे : कोमागाता मारू बजबज. १९१४ साली या जपानी जहाजातून ३७६ प्रवासी, त्यांत बहुतेक शीख, कॅनडाला गेले. व्हँकुव्हरच्या बंदरात त्यांना दोन महिने अडवून धरलं गेलं आणि मोजक्या प्रवाशांचा अपवाद सोडला तर बाकी सगळ्यांना परत पाठवण्यात आलं. २९ सप्टेंबरला जहाज बजबजला लागलं. ब्रिटिश सरकारनं त्यांना थेट पंजाबात नेण्यासाठी आगगाडी तयार ठेवली होती. प्रवाशांनी गाडीत बसायला नकार दिला, संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि सुमारे वीस माणसं इथेच मेली. कृपाणाच्या आकाराचं त्यांचं स्मारक १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते खुलं झालं.

दुसरं पाऊल त्याआधी सतरा वर्षांचं. अमेरिका आणि युरोपचा प्रवास करून कोलंबो, मद्रासमार्गे परतलेले स्वामी विवेकानंद १९ फेब्रुवारी १८९७ रोजी सकाळी बजबजच्या स्थानकातून खास गाडीनं सियालदाहला गेले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १ मे रोजी, त्यांनी रामकृष्ण मिशन स्थापन केलं. भुकेल्या, आजारी, निरक्षर माणसाची सेवा हीच उपासना, हा त्या संस्थेचा पाया. पुढे १९२२ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनजवळ श्रीनिकेतन उभारून खेड्याच्या पुनर्रचनेचं काम हाती घेतलं. शिकल्यासवरल्या माणसानं शहर सोडून खेड्यात राहावं आणि तिथलं सुखदुःख आपलं मानावं, ही बंगालमधली एक खोलवर रुजलेली परंपरा आहे. तिच्यातले काही संन्यासी होते, काही कवी, काही क्रांतिकारक. तुषार कांजिलाल शिक्षक होते.

बजबजहून गोसाबाला जायचं तर पुन्हा बालिगंजला येऊन कॅनिंग लोकल पकडावी लागते. सकाळी ही गाडी उलट दिशेनं पाहण्यासारखी असते. कॅनिंगकडून येणाऱ्या डब्यांतून बायकांचे थवेच्या थवे जादवपूर, ढाकुरिया, बालिगंजला उतरतात. कोलकात्याच्या सदनिकांमधला स्वयंपाक, धुणीभांडी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा यांच्या हातांवर चालते. कित्येकजणी पहाटेच्या अंधारात घर सोडतात आणि रात्री परततात. त्यांची मुलं दिवसभर कोण सांभाळतं, ती शाळेत जातात का, हा प्रश्न या डब्यांकडे पाहिलं की आपोआप मनात येतो. कांजिलालांचं सगळं आयुष्य याच प्रश्नाच्या मुळाशी जाण्यात गेलं.

सोनारपूरनंतर घरं विरळ होतात, तळी आणि भातशेतं सुरू होतात. चंपाहाटी, घुटियारी शरीफ, तालदी आणि शेवटी कॅनिंग. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात इथे कोलकात्याला पर्याय ठरेल असं बंदर उभारायला घेतलं होतं. १८६२ साली रेल्वेही आणली. १८६७च्या वादळानं त्या स्वप्नावर पाणी फिरवलं. मातला नदी उथळ होत गेली आणि ओहोटीला तिच्या पात्रात चिखलाचा पसारा उरू लागला. २०११ साली पूल खुला होईपर्यंत या नदीच्या पलीकडे जायचं म्हणजे होडी आणि गुडघाभर चिखल. आता मॅजिक गाडी पुलावरून बासंतीला आणि पुढे गोदखालीच्या घाटापर्यंत नेते. तिथून भुटभुटी, म्हणजे डिझेल इंजिनाची होडी, विद्या नदी ओलांडून गोसाबाला लावते.

१९६७ साली तुषार कांजिलाल पत्नी वीणा यांच्यासह या बाजूला आले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कॅनिंगहून पुढचा सगळा प्रवास पाण्यावरून, तोही भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानं. कांजिलाल यांचा जन्म १ मार्च १९३५चा, नोआखालीचा. ते गाव आता बांगलादेशात आहे. फाळणीनं उखडलेल्या पिढीतला हा तरुण डाव्या चळवळीत वाढला. रांगाबेलियाच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून ते आले आणि इथलेच झाले. बंगालीत शिक्षकाला आदरानं मास्टरमशाय म्हणतात. बेटावर त्यांची हीच ओळख झाली आणि शेवटपर्यंत राहिली.

गोसाबा हे तसं निराधार गाव नव्हतं. स्कॉटलंडहून आलेले, मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीतले सर डॅनियल हॅमिल्टन यांनी १९०३ साली इथे हजारो एकर जमीन घेतली होती आणि सहकाराच्या पायावर वसाहत उभी केली होती. सावकाराला इथे थारा नव्हता. पतपेढी, सहकारी भांडार, भातगिरणी, दवाखाना, शाळा अशी व्यवस्था होती. १९३६ साली त्यांनी स्वतःची एक रुपयाची नोटही काढली. ती सहकारी भांडारात दिली की तेवढ्या किमतीचा तांदूळ, कापड, तेल मिळे. १९३२च्या डिसेंबरअखेर रवींद्रनाथ हे सगळं पाहायला इथे येऊन राहिले होते. १९३९ साली हॅमिल्टन वारले आणि पुढच्या काही दशकांत ही घडी विस्कटली. एका कनवाळू जमीनदाराच्या बळावर उभी राहिलेली व्यवस्था त्याच्या मागे टिकली नाही. कांजिलालांच्या पुढच्या कामाचं वेगळेपण समजून घ्यायचं तर हा धडा लक्षात ठेवावा लागतो.

नव्या हेडमास्तरांना वर्गात जे दिसलं ते अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. मुलं पेंगत होती. फळ्याकडे पाहता पाहता त्यांचे डोळे मिटत. चौकशी केली तेव्हा कळलं, ती उपाशीपोटी आलेली असत. मुलगा आळशी आहे, घरचे बेफिकीर आहेत, असं म्हणून हजेरीपटावर खूण करणं सोपं होतं. कांजिलाल मुलांच्या घरी गेले. एकेका कुटुंबाची पाहणी झाली : जमीन किती, धान्य किती महिने पुरतं, कर्ज किती, घरातलं कोण जंगलात जातं. चित्र स्पष्ट झालं. पावसाच्या पाण्यावर वर्षातून एकदाच भात होतो. बहुतेकांच्या घरी ते वर्षभर पुरत नाही. भात संपला की माणसं मासे, खेकडे, मध यांच्यासाठी जंगलाकडे वळतात. तिथे वाघ आणि मगरी आहेत. काही जण परत येत नाहीत.

मग शाळेनं काय करायचं? कांजिलालांनी ठरवलं की मुलाला जेवण मिळत नसेल तर त्याच्या बापाच्या शेतात दुसरं पीक कसं येईल हे पाहणं शाळेचंच काम आहे. आज शाळेत दुपारचं जेवण मिळणं आपल्याला सवयीचं झालं आहे, पण ती राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी या हेडमास्तरांनी भुकेचा प्रश्न थेट शेतापर्यंत नेऊन भिडवला होता.

या कामाला संस्थेची जोड मिळाली ती पन्नालाल दासगुप्तांमुळे. क्रांतिकारक चळवळीतून आलेल्या, दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या पन्नालालांनी १९६९ साली टागोर सोसायटी फॉर रूरल डेव्हलपमेंट स्थापन केली होती. सत्तरच्या दशकात रांगाबेलिया हा तिचा मोठा प्रकल्प झाला आणि मुख्याध्यापक त्याचे आधारस्तंभ.

काम सुरू झालं ते पाण्यापासून. सुंदरबनात चहूकडे पाणी आहे आणि त्यातलं पिकाला एक थेंबही चालत नाही. नद्या खाऱ्या, जमिनीखालच्या वरच्या थरातलं पाणीही खारं. गोडं पाणी पावसाचं, तेही चार महिने. ते अडवायचं तर तळी खोदायची. घरामागे तळं आलं की खोदलेल्या मातीनं परसाची उंची वाढते, त्यावर भाजी होते, तळ्यात मासे होतात, काठावर बदकं राहतात आणि भात कापल्यावर उरलेल्या पाण्यात मिरची, कलिंगड, डाळी अशी दुसरी पिकं निघतात. एकाच खड्ड्यातून कुटुंबाला चार वाटा फुटतात. बी-बियाणं, खत, बँकेचं कर्ज यांसाठी संस्था मध्ये उभी राहिली. मात्र आराखडा कुटुंबागणिक वेगळा होता आणि तो त्या कुटुंबाबरोबर बसून ठरत असे. हॅमिल्टनच्या काळात निर्णय मालक घेत होता. इथे ज्याचं शेत त्यानं तो घ्यायचा होता.

वीणा कांजिलाल यांचं काम स्वतंत्रपणे सांगायला हवं. त्याही शिक्षिका. बेटावरचे पुरुष कामासाठी किंवा जंगलात बाहेर असत आणि संसार बायकांच्या अंगावर पडे. ज्यांचे नवरे वाघानं नेले त्यांच्या वाट्याला दुःखाबरोबर अपशकुनी असल्याचा ठपकाही येई. वीणाताईंनी महिला समिती उभी केली. शिवण, विणकाम, कापडावरची छपाई, कोंबडीपालन यांतून बायकांच्या हाती स्वतःचा पैसा येऊ लागला. समितीत आलेल्या बाईला हिशेब ठेवावा लागे, सभेत बोलावं लागे, बँकेत जावं लागे. हेडमास्तर घराच्या पुरुषाशी शेताबद्दल बोलत असताना त्याच घरातली बाई समितीत तिच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलू लागली. दोन्ही कामं एकमेकांना धरून वाढली.

रांगाबेलियात फिरताना मराठी माणसाला कोसबाड आठवल्यावाचून राहत नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि मोरगावात जन्मलेल्या, बालवयात विधवा झालेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, कुरणात गेली. पुढे कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आली, म्हणजे कडेवर भाऊ असलेली मुलगीसुद्धा शिकू शकेल. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली, कांजिलालांना त्याच्या पुढच्या वर्षी. दोघांनीही मूल का शिकत नाही याचं उत्तर मुलाच्या अंगात शोधलं नाही, त्याच्या दिवसभरात शोधलं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर उत्तर मिळालं कुरणात. सुंदरबनात ते मिळालं खाऱ्या शेतात आणि शेताला वेढून असलेल्या बांधात.

या बांधाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण कांजिलालांच्या उत्तरायुष्यातली बरीचशी तळमळ त्यावर खर्ची पडली. भारतीय सुंदरबनात १०२ बेटं आहेत. त्यांपैकी ५४ बेटांवर माणसं राहतात आणि त्यांना सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या मातीच्या बांधांनी वेढलेलं आहे. कोकणातल्या खारबंदिस्तीची किंवा गोव्यातल्या खाजन शेतीची ओळख असलेल्याला ही रचना लगेच कळेल. बाहेर खारं पाणी, आत भात, मध्ये माती. उधाणात बांधाला खांड गेली की रायगडमधल्या शेतकऱ्याच्या पोटात जसा गोळा येतो, तसाच इथेही येतो. फरक आहे तो शेतकरी राहतो कुठे याचा. कोकणात खारपट्ट्यामागे उंच जमीन असते, गाव बहुधा तिथे असतं. इथे उंच जमीनच नाही. घर, शाळा, दवाखाना, बाजार, सगळं भरतीच्या पातळीखाली.

असं का झालं, हे कांजिलाल वर्षानुवर्षं लिहीत-बोलत राहिले. नद्या गाळ आणतात आणि भरतीच्या पाण्याबरोबर तो बेटांवर पसरतो. शेकडो वर्षांत बेट आपोआप उंच होतं. इंग्रजांच्या काळात महसुलासाठी जंगल तोडून घाईनं बांध घातले गेले तेव्हा ही बेटं अजून घडत होती. गाळ आत यायचा थांबला आणि नदीच्या पात्रात साचू लागला. पात्र वर येत गेलं, जमीन होती तिथेच राहिली. म्हणून आज भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका हाताला नदी वर आणि दुसऱ्या हाताला शेत खाली दिसतं. 'हू किल्ड द सुंदरबन्स?' या त्यांच्या पुस्तकाचं नावच प्रश्नार्थक आहे. जंगल वाचवण्याच्या चर्चेत इथल्या लाखो माणसांचा विचार व्हायला हवा आणि माणसांच्या विकासात नदीचा, हा त्यांचा आग्रह होता. तिवरांची लागवड बांधाबाहेर का हवी, याचं उत्तर त्यांच्या दृष्टीनं पर्यावरणापुरतं नव्हतं. तिवराची रांग लाटेचा जोर मोडते आणि बांध वाचतो, बांध वाचला की शाळा भरते.

२५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळ आलं. सुंदरबनातले शेकडो किलोमीटर बांध खचले किंवा वाहून गेले आणि गोसाबा तालुक्याला त्याचा मोठा फटका बसला. खारं पाणी शेतात आणि तळ्यांत शिरलं. वर्षानुवर्षं जपलेलं गोडं पाणी एका दिवसात गेलं आणि जमिनीत मीठ मुरलं. अनेक ठिकाणी पुढचे हंगाम हातचे गेले. तेव्हा शेतकऱ्यांना जुन्या, खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जातींची पुन्हा आठवण झाली : नोना बोकरा, तालमुगूर, दुधेश्वर, मातला. एका जातीचं नाव तर हॅमिल्टन. अधिक उत्पन्नाच्या वाणांमागे लागून मागे पडलेलं हे बियाणं काही घरांत आणि काही बीजसंग्राहकांकडे शिल्लक होतं म्हणून वाचलं.

आयलानंतर तरुण मुलं मोठ्या संख्येनं बाहेर पडली. केरळ, तामिळनाडू, बंगळुरू इथल्या बांधकामांवर सुंदरबनातला मजूर आज सहज भेटतो. वय झालेल्या हेडमास्तरांनी आपल्या हयातीत हेही पाहिलं. २००८ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला होता. वर्ध्याच्या मातीतल्या रचनात्मक कार्यकर्त्याच्या नावाचा हा सन्मान त्यांच्याकडे जाणं योग्यच होतं. २९ जानेवारी २०२० रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं. चार महिने व्हायच्या आत, २० मे रोजी, अम्फान चक्रीवादळ आलं; त्यानंतर सुमारे वर्षभरानं यास.

गोसाबाच्या बाजारातून मोटर लावलेली व्हॅन-रिक्षा रांगाबेलियाकडे निघते तेव्हा दोन्ही बाजूंना तीच रचना दिसते जिची सुरुवात तेव्हा झाली : घर, मागे तळं, तळ्याच्या काठावर भाजीचा वाफा, पलीकडे भात. शाळा सुटायच्या वेळी रस्ता सायकलींनी भरून जातो. बंगाल सरकारच्या २०१५ सालच्या सबूज साथी योजनेत नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली मिळाल्या, आणि घोळक्यानं सायकलवरून जाणाऱ्या मुलींकडे पाहिलं की सत्तरच्या दशकात वीणाताईंनी घरोघरी काय मागितलं असेल ते कळतं. रस्ता पुढे बेटाच्या दक्षिण टोकाला पाखिरालयपर्यंत जातो. तिथे नदी, आणि नदीपल्याड सजनेखालीचं जंगल. पर्यटकांच्या बोटी तिथूनच फिरतात. त्यातले बहुतेक रांगाबेलियाचं नाव ओलांडून पुढे जातात.

मला वाटतं, मराठी शिक्षकांनी इथे थांबायला हवं. आपल्याकडे पालघर, नंदुरबार, गडचिरोलीत काम करणारे कितीतरी शिक्षक आहेत, ज्यांच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर रिकाम्या रकान्यांची संख्या वाढते, कारण आईवडील ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा मासेमारीच्या बोटींवर निघून गेलेले असतात. मूल कुठे गेलं हे विचारायला मुख्याध्यापकानं घरी जावं, घरातल्या धान्याचा हिशेब मांडावा आणि त्या हिशेबावर काम उभं करावं, ही पद्धत रांगाबेलियात प्रत्यक्ष राबवली गेली आहे. तिच्या मर्यादाही तिथे दिसतात : बांध फुटला की शाळा एकटी काही करू शकत नाही, तिथे सरकारच लागतं, पैसा लागतो आणि नदीचं शास्त्र लागतं. खारभूमीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेल्या रायगड-रत्नागिरीतल्या शेतकऱ्यांनी आणि गोव्यातल्या खाजनवाल्यांनी गोसाबाच्या शेतकऱ्यांबरोबर बांधावर बसून बोलावं, अशी भेट कुणीतरी घडवून आणावी. कांजिलालांचं लेखन मराठीत वाचायला मिळावं आणि अध्यापक महाविद्यालयांच्या अभ्याससहलींच्या यादीत हे बेट यावं. जायची वाट अवघड राहिलेली नाही : बालिगंजहून कॅनिंग लोकल, मग गोदखाली, मग होडी. पावसाळा संपल्यावर, दुसरं पीक उभं असताना जावं, म्हणजे त्या हेडमास्तरांनी काय केलं ते शेतातच पाहता येईल.